‘ॲप’ची तीन रूपं आणि एक पीकपेरा

मराठीत तंत्रज्ञानाची बातमी उघडली की पहिल्या ओळीतच दिवाळी असते. फोन ‘धमाकेदार’ असतो, फीचर्स ‘जबरदस्त’ असतात, किंमत ‘खिशाला परवडणारी’ असते. शेवटी ‘जाणून घ्या सविस्तर’ असं म्हणून खाली पुन्हा तेच आकडे, फक्त यावेळी तक्त्यात. मी हे रोज वाचतो. आवडीने वाचतो, असंही म्हणायला हरकत नाही. पण कवितासंग्रहाचं, नाटकाचं, गेला बाजार वेबसिरीजचं परीक्षण करणारी आपली मंडळी या मजकुराकडे मजकूर म्हणून कधीच बघत नाहीत, हे मला खटकतं. फोनवर मराठी वाचणाऱ्या पोरांच्या डोळ्यांखालून रोज जाणारं गद्य हे आहे. त्याची समीक्षा व्हायला नको?

एक साधा आकडा घेऊ. ‘५००० एमएएचची दमदार बॅटरी’. एमएएच म्हणजे मिलिॲम्पिअर-अवर. म्हणजे ५००० मिलिॲम्पिअर प्रवाह एक तास मिळेल एवढा साठा. पण ऊर्जा किती ते यावरून कळत नाही, त्याला व्होल्टेजने गुणावं लागतं. फोनच्या बॅटरीचं व्होल्टेज साधारण पावणेचारच्या आसपास धरलं तर हा साठा १९ वॉट-तासांच्या जवळपास जातो. तो किती वेळ पुरेल, हे फोन कुठे वापरता त्यावर ठरतं. टॉवर लांब असेल तर फोन जास्त जोर लावून सिग्नल पाठवतो आणि बॅटरी उतरते. उन्हात स्क्रीन दिसावा म्हणून ब्राइटनेस पूर्ण वाढवला की आणखी उतरते. जळगाव जिल्ह्यातल्या मे महिन्याची उष्णता लिथियम बॅटरीचं आयुष्यच कमी करते. यातलं एक वाक्य बातमीत असतं तर ती बातमी चाळीसगावच्या माणसासाठी लिहिली आहे असं वाटलं असतं. ‘दमदार’ हे विशेषण सगळीकडे सारखंच दमदार असतं, म्हणून ते कुणाच्याच कामाचं नसतं.

बातमी लिहिणाऱ्याला दोष देऊन हात झटकणं सोपं आहे. त्याला दिवसाला किती बातम्या पाडाव्या लागत असतील याचा अंदाज आपल्याला आहे. माझी तक्रार वेगळी आहे. या लेखनाने मराठीला तंत्रज्ञानाचं गिऱ्हाईक मानलंय. बाहेर काहीतरी तयार होतं, ते आपल्याकडे ‘लाँच’ होतं, आपण किंमत विचारतो. मराठी स्वतः तंत्रज्ञानाचा विषय असू शकते, तिच्या अक्षरांवरून तज्ज्ञांची वर्षानुवर्षं घासाघीस झाली असू शकते, हे या बातमीच्या गावीच नसतं.

खुद्द ‘ॲप’ हा शब्दच बघा. तो फोनवर तीन प्रकारे लिहिला जातो: ॲप, अॅप आणि ऍप. पहिले दोन तर तुमच्या स्क्रीनवर बहुधा अगदी सारखे दिसतील. पण यंत्राच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत. पहिल्यात ‘ॲ’ हे एकच अक्षर आहे. दुसऱ्यात ‘अ’ आणि त्यावर चंद्राची मात्रा, अशी दोन चिन्हं जोडली आहेत. तिसऱ्यात ‘ए’च्या डोक्यावर चंद्र आहे. युनिकोडमध्ये सुरुवातीपासून हा ‘ए’वरचा चंद्रच होता, ‘अ’वरचा नव्हता. मराठीत आपण ‘ॲ’ असा ‘अ’वरच चंद्र काढतो. मग लोकांनी जुगाड केला. कुणी दोन चिन्हं जोडली, कुणी ‘ऍ’ चालवून घेतला. एकसंध ‘ॲ’ युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत आला, एप्रिल २००८ मध्ये. त्याच वर्षी जुलैत ॲपलने ॲप स्टोअर सुरू केलं आणि शरद ऋतूत पहिला अँड्रॉइड फोन बाजारात आला. म्हणजे ज्या वर्षी जगाला ॲप मिळालं, त्याच वर्षी ते नीट लिहायला लागणारं अक्षर मराठीला मिळालं. योगायोगच, पण काय योगायोग! यातल्या दोन गोष्टींच्या बातम्या आजही वर्धापनदिनाला येतात. तिसरी गोष्ट मी मराठी तंत्रज्ञान-बातमीत कधी वाचलेली नाही.

हा नुसता अक्षरकौतुकाचा भाग नाही. एखाद्या लांबलचक पानावर तुम्ही ‘ॲप’ शोधलं आणि लिहिणाऱ्याने ‘अॅप’ असं टंकलं असेल, तर साध्या शोधात ते सापडत नाही. शासन निर्णय असो, निकालपत्र असो, यादी असो. अक्षर डोळ्यांना दिसतं आणि यंत्राला दिसत नाही. आपल्या आधीच्या पिढीने याहून वाईट भोगलंय. तेव्हा वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावर मराठी अक्षरं दिसावीत म्हणून त्यांचा खास फाँट उतरवून घ्यावा लागायचा. नाहीतर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला. मागे लॅटिन अक्षरांचेच संकेत, वर फक्त मराठीचा मुखवटा. त्या काळातला बराच मजकूर आज शोधयंत्राच्या दृष्टीने मराठीच नाही.

हे सगळं ज्या वर्षी वळणावर आलं ते वर्ष म्हणजे १९९१. पुण्याच्या सी-डॅकने ‘परम ८०००’ हा महासंगणक त्या वर्षी तयार केला. अमेरिकेने महासंगणक नाकारला, मग आपण तो बनवला, ही गोष्ट विजय भटकरांच्या नावासकट आपल्याला पाठ आहे. सांगायलाच हवी अशी गोष्ट आहे ती. पण त्याच वर्षी भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे संकेतमानक ठरलं आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. त्यातल्या देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीच्या मसुद्यावर बेतलेली होती. ‘क’नंतर ‘ख’, मग ‘ग’, ही बाराखडीची रांग आज तुमच्या फोनच्या पोटात आहे ती तिथून. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं आणि पुढे सी-डॅकमध्ये आलेलं ‘जिस्ट’चं काम यामागे आहे. परमचा वापर मोजक्या शास्त्रज्ञांनी केला. ही बाराखडी तुम्ही आत्ता वापरताय. तरी पहिल्याची गाथा होते आणि दुसऱ्याची तळटीपही होत नाही. वेगवान, प्रचंड, महागडं असेल तेच तंत्रज्ञान, अशी आपल्या बातमीची व्याख्या आहे. अक्षर दिसू लागलं की ते तंत्रज्ञान राहत नाही.

आता घरातलं उदाहरण. खान्देशात आम्ही अहिराणी बोलतो. अहिराणीचा चालू वर्तमानकाळ ‘ऱ्ह’वर उभा आहे: काय करी ऱ्हायना, कोठे जाई ऱ्हायना. हा ‘ऱ’ म्हणजे रफार नव्हे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या, हा फरक त्या आडव्या रेघेवर अवलंबून आहे. हिंदीला त्याची गरज पडत नाही, मराठीला आणि अहिराणीला पडते. युनिकोडमध्ये तो लिहायच्या दोन वाटा आहेत. एक, खाली टिंब असलेल्या ‘ऱ’चा पाय मोडायचा. हा ‘ऱ’ मुळात दक्षिणेतल्या भाषांचा एक उच्चार देवनागरीत उतरवण्यासाठी ठेवलेला. दुसरी वाट म्हणजे साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालायचं. दिसायला दोन्ही तेच, आत वेगळं. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून ‘र’ची कळ दाबली की टिंबवाला ‘ऱ’ मिळतो. पण हे कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून अहिराणी गाण्यांच्या खाली, व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर ‘ऱ्हायना’ऐवजी रफार डोक्यावर घेतलेला ‘र्हायना’ दिसतो. पोरांना लिहिता येत नाही असा याचा अर्थ लावणारे मास्तर मला भेटले आहेत. पोरांना लिहिता येतं. त्यांना कुठली कळ दाबायची हे सांगणारी बातमी आली नाही.

या ठिकाणी मला पाटणला जायचं आहे. चाळीसगावपासून फार दूर नाही. गौताळ्याच्या डोंगरांच्या पायथ्याशी पाटणादेवी आहे आणि तिथल्या देवळात डॉ. भाऊ दाजी लाड यांना एकोणिसाव्या शतकात एक शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने शके ११२८ मध्ये, म्हणजे १२०७ साली, चंद्रग्रहणाच्या दिवशी त्याला दान दिलं. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, वंशावळ आणि स्तुती. पण पैशाची गोष्ट आली की लेख मराठीत येतो: बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचा अमुक हिस्सा मठाला, घाण्यामागे पळीभर तेल मठाला. म्हणजे गणित शिकणाऱ्यांच्या दिव्यातलं तेल इथल्या तेल्याकडून येत होतं, आणि ते तेल्याला समजेल अशा भाषेत दगडावर लिहिलं होतं. संस्कृत भाग दात्यांचा, मराठी भाग वापरणाऱ्यांचा. ‘अटी व शर्ती’ आठशे वर्षांपूर्वी लोकभाषेत होत्या, असं म्हटलं तर थोडी चेष्टा होईल, पण थोडीच.

पाटणच्या मठात जे शिकवलं जायचं त्यात ‘सिद्धान्तशिरोमणी’ होता. भास्कराचार्यांनी तो ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी लिहिला आणि ग्रहगणितावर स्वतःच ‘वासनाभाष्य’ लिहिलं. ‘वासना’ म्हणजे इथे उपपत्ती, हे असंच का याचं स्पष्टीकरण. त्यांचं म्हणणं असं की उपपत्तीशिवाय गणकाला जाणत्यांच्या सभेत मान मिळत नाही आणि त्याच्या स्वतःच्या मनातली शंकाही फिटत नाही. आपल्या ‘संगणक’ या शब्दात तोच ‘गणक’ बसलेला आहे. मी या वंशपरंपरेचा अभिमान वगैरे बाळगा असं सांगायला आलेलो नाही. तसले फॉरवर्ड तुम्हाला रोज येतात. मला त्यांची फक्त एक कसोटी उसनी घ्यायची आहे. तंत्रज्ञानावरच्या मराठी लेखनात उपपत्ती आहे का?

ही कसोटी मी फोनच्या बातमीला लावणार नाही, ते पोरखेळ होईल. ती लावायची तर अशा सॉफ्टवेअरला लावावी ज्याच्यावर इथल्या माणसाचा पैसा अवलंबून आहे. म्हणजे ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रभर लागू झालेलं हे ॲप. सातबारातला ‘बारा’ म्हणजे गाव नमुना बारा, पिकांची नोंदवही. ती पूर्वी तलाठी भरायचा, आता शेतकऱ्याने स्वतः शेतात जाऊन, फोटो काढून भरायची. सरकारी घोषवाक्य होतं: ‘माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदवणार माझा पीकपेरा.’ मजकूर म्हणून वाचा. यमक चोख आहे. ‘माझी’, ‘माझा’ ही मालकीची भाषा. पण वाक्याचा सगळा भार ‘मीच’मधल्या ‘च’वर आहे. हक्क वाटावा अशा स्वरात एक काम माणसाकडे सरकवलं जातंय. आधी नोंद चुकली तर तलाठ्याकडे जाऊन भांडता यायचं. आता चुकली तर ‘मीच’. हा ‘च’ किती महत्त्वाचा आहे यावर एखादा अख्खा लेख व्हायला हवा होता. आला तो ‘असं करा डाउनलोड’.

ॲपच्या भाषेबद्दल मात्र मला चांगलं बोलायचंय. ‘निर्भेळ पीक’, ‘मिश्र पीक’, ‘कायम पड’, ‘चालू पड’, ‘पोटखराबा’, ‘बांधावरची झाडे’. महसुली मराठीतले हे जुने, कमावलेले शब्द फोनच्या स्क्रीनवर बघून मला खरोखर आनंद झाला. इथे कुणी ‘सिंगल क्रॉप’ केलं नाही. शेतकऱ्याला ‘पड’ समजावून सांगावी लागत नाही. हे शब्द जमिनीवर आधीपासून होते, ॲपने ते उचलले. ‘धमाकेदार’ लिहिणाऱ्यांनी एकदा हे ॲप उघडून बघावं, तंत्रज्ञानाची मराठी कशी असू शकते ते कळेल.

पण शब्द जुना असला म्हणून त्यामागची रीत जुनी राहत नाही. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत मिश्र पिकात मुख्य पिकासोबत तीन दुय्यम पिकं नोंदवता येऊ लागली. खान्देशात कपाशीत तूर, मूग, उडीद घेणाऱ्यांसाठी हे मोठं होतं. त्याच आवृत्तीत गटाच्या मध्यबिंदूपासून तुम्ही किती अंतरावर उभे राहून फोटो काढताय हे दिसू लागलं. शेतकऱ्याचं स्वयंघोषणापत्र ग्राह्य मानून तलाठ्याने १० टक्के नोंदी तपासायच्या असं ठरलं. स्वतः केलेली नोंद ४८ तासांत एकदा दुरुस्त करता येईल, असंही. यातल्या प्रत्येक निर्णयामागे एक विचार आहे, कोणावर किती विश्वास ठेवायचा याचा. १० टक्केच का? ४८ तासच का? शेतात रेंज नसेल आणि नोंद घरी आल्यावर वर चढली, तर ते ४८ तास कुठून मोजायचे? मध्यबिंदू घेतला, पण गट लांबुळका असेल, वाटण्यांमुळे एका गटात पाच भाऊ असतील, तर धाकट्याचं शेत मध्यबिंदूपासून लांब पडणारच. ही सॉफ्टवेअरची समीक्षा आहे. फोनचा कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, यापेक्षा तो कुठे उभं राहून धरायचा, हा जास्त तांत्रिक प्रश्न आहे.

त्याची किंमत २०२४ मध्ये दिसली. २०२३ च्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीनसाठी राज्याने हेक्टरी ५००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, द्यायचं ठरवलं. अट होती ई-पीक पाहणीतल्या नोंदीची. ज्याच्या शेतात कपाशी होती पण ॲपमध्ये नव्हती, त्याची कपाशी सरकारच्या लेखी उगवलीच नव्हती. दोन हेक्टरवाल्याचे दहा हजार. पुढे ओरड झाल्यावर अट सैल करून सातबारावरची नोंद ग्राह्य धरायचं ठरलं. ही बातमी आली, शेतीच्या पानावर आली, राजकारणाच्या पानावर आली. तंत्रज्ञानाच्या सदरात मला ती दिसली नाही. तिथे त्या आठवड्यात घडी घालता येणारे फोन होते.

मग हे लेखन कोणी करतच नाही का? करतात, पण लिहीत नाहीत, बोलतात. गावोगावची पोरं बांधावर उभी राहून स्क्रीन रेकॉर्ड करून व्हिडिओ टाकतात. त्यांचं मराठी मला बातमीच्या मराठीपेक्षा सरस वाटतं. ‘आता इथं दाबा, थोडं थांबा, गोल फिरेल, फिरू द्या’ यात एक लय आहे आणि समोरच्या म्हाताऱ्या माणसाची फिकीर आहे. पण ते ‘कसं’पाशी थांबतात. ‘का’ विचारत नाहीत. बातमीकडे ना ‘कसं’ ना ‘का’, यांच्याकडे निदान अर्धं आहे. उरलेलं अर्धं ज्यांना येतं, म्हणजे पुण्या-बंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये असलेली आपलीच मुलं, ती नव्या प्रोसेसरवर तावातावाने बोलतात, कुठली लायनक्स भारी यावर रात्री घालवतात, आणि वडिलांच्या गटाचा मध्यबिंदू कसा काढला असेल याबद्दल त्यांना कुतूहल वाटत नाही. मला त्यांचा राग येत नाही, आश्चर्य वाटतं. एवढा सुंदर प्रश्न हाताशी असताना!

आमच्या गल्लीतला बारावीचा एक मुलगा हंगामात नातेवाइकांच्या, शेजाऱ्यांच्या नोंदी करून देतो. त्याच्याकडे एक शाळेची वही आहे. कुणाच्या फोनवर जागा किती वेळात सापडली, कुठल्या शेतात अंतर उगाच जास्त दिसलं, हे तो त्यात लिहितो. जीपीएसला जागा ठरवायला निदान चार उपग्रहांचा सिग्नल लागतो आणि दाट पानांखाली तो क्षीण होतो, ढगांचा त्रास जवळपास नसतो. हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. त्याने ते शेताशेतात फिरून, ढगाळ दिवस आणि उन्हाचे दिवस वेगळे काढून जवळजवळ शोधून काढलंय. ढगांच्या पुढे त्याने प्रश्नचिन्ह टाकलंय. त्याखाली पेनाने, आडव्या रेघेचा ‘ऱ्ह’ बरोबर काढून लिहिलंय: आंबाखाले उभं ऱ्हावानं नही.